क्यूसीची नोकरी: शेवटचं खरं रीडिंग कोणतं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. सूक्ष्मजीवशास्त्राची पदवी हातात आहे, एका अन्नप्रक्रिया कारखान्यात क्वालिटी कंट्रोल (क्यूसी) टेक्निशियनची जागा मिळते आहे आणि मनात तीन शंका आहेत. दिवसभर नक्की काय करावं लागतं? कॉलेजच्या लॅबमध्ये शिकलेलं कामी येतं का? आणि क्यूसीवाल्यांची प्रॉडक्शनशी सारखी भांडणं होतात म्हणतात, ते खरं का?

मी या कामात एकोणीस वर्षं आहे. बेकरी, डेअरी आणि सॉस अशा तीन प्रकारच्या कारखान्यांत ती गेली. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर एका शब्दात देता येतं: हो. बाकीच्या दोन प्रश्नांना जरा वेळ लागेल.

पांढरा कोट घालून दिवसभर मायक्रोस्कोपपाशी बसायचं, असं चित्र डोळ्यांसमोर असेल तर ते बाजूला ठेवा. शिफ्टचा निम्म्याहून जास्त वेळ लाईनवर जातो. हेअरनेट, गमबूट, कानात इअरप्लग, हातात क्लिपबोर्ड किंवा टॅब. दर तासाला ठरलेली फेरी: पाकिटांची वजनं, सील, छापलेली तारीख आणि बॅच नंबर, मालाचं तापमान, मेटल डिटेक्टर. मधल्या वेळात लॅबमध्ये येऊन पीएच (आम्लता), ब्रिक्स (विरघळलेली साखर), ओलावा, मीठ. कच्च्या मालाची गाडी आली की सगळं सोडून तिकडे. कोल्ड स्टोअरमध्ये पाच मिनिटं, लगेच ओव्हनजवळ दहा मिनिटं. पहिल्या महिन्यात पाय दुखतात, दुसऱ्या महिन्यात सवय होते.

यातली एकही चाचणी अवघड नाही. चार दिवसांत कोणीही शिकेल. अवघड आहे ते आलेल्या आकड्यावर विश्वास ठेवावा की नाही हे ओळखणं, आणि कॉलेजात नेमकं तेच शिकवत नाहीत. तिथे उत्तर आधीच माहीत असतं. प्रॅक्टिकलमध्ये रीडिंग चुकलं तर शेजारच्याचं बघून लिहिता येतं. कारखान्यात शेजारी कोणी नसतो.

म्हणून शिफ्ट सुरू झाली की माल तपासण्याआधी मी स्वतःची उपकरणं तपासते. थर्मामीटरचं घ्या. ग्लासभर बर्फाचा चुरा घ्यायचा, फटी भरतील एवढंच पाणी ओतायचं, ढवळायचं, दोन-तीन मिनिटं थांबायचं आणि प्रोब मधोमध धरायचा, काचेला टेकू द्यायचा नाही. शून्य दाखवायला हवं. नवीन मुलं काय करतात, तर पाण्यात चार बर्फाचे खडे टाकतात आणि थर्मामीटर दोन अंश दाखवतो म्हणून तो बाद ठरवतात. थर्मामीटर बरोबरच असतो, पाणीच दोन अंशांवर असतं. उकळत्या पाण्यातही तपासता येतं, पण १०० अंश हे समुद्रसपाटीचं गणित आहे. साधारण ३०० मीटर उंचीमागे उकळबिंदू एका अंशाने उतरतो. कारखाना डोंगरावर असेल तर ९८ दाखवणारा थर्मामीटर कदाचित अगदी खरं बोलत असेल.

पीएच मीटरचं दुखणं वेगळं. ४ आणि ७ च्या बफरने, म्हणजे पीएच आधीच ठाऊक असलेल्या द्रावणाने, रोज कॅलिब्रेट करायचा हे सगळ्यांना पाठ असतं. पण वापरलेला बफर परत बाटलीत ओतणारे मी पाहिले आहेत, आणि इलेक्ट्रोड रात्रभर डिस्टिल्ड वॉटरमध्ये बुडवून ठेवणारे तर कितीतरी. त्याला पोटॅशियम क्लोराइडचं द्रावण लागतं, डिस्टिल्ड वॉटरमध्ये तो हळूहळू मरतो. सॉसमधल्या तेलाचा पातळ थर काचेच्या फुग्यावर बसला की रीडिंग स्थिर व्हायला वेळ लागायला लागतो. घाईतला माणूस आकडा अजून सरकत असतानाच लिहून मोकळा होतो. ४.४ आणि ४.६ मध्ये कागदावर काही वाटत नाही. पण ४.६ ही रेघ अशीच कुणी आखलेली नाही. क्लॉस्ट्रिडियम बॉटुलिनम हा विष तयार करणारा जंतू तिच्याखाली वाढत नाही, आणि बंद डब्यात, हवेशिवाय, तिच्यावर वाढू शकतो. कमी आम्लाचे डबे १२१ अंशांवर शिजवावे लागतात ते याच्याच बीजाणूंमुळे.

आता मुख्य गोष्ट. दर तासाला तपासायचं ते का? सगळं ठीक आहे हे कळावं म्हणून, असं उत्तर मुलाखतीत मिळतं. ते अर्धवट आहे. तासातासाच्या नोंदीचा खरा उपयोग गोष्टी बिघडतात तेव्हा होतो. पाच वाजता चाचणी नापास झाली तर पाच वाजताचाच माल संशयित होत नाही. शेवटची चाचणी जिथे खरोखर पास झाली होती, तिथपासून आत्तापर्यंतचा सगळा माल संशयित होतो, कारण बिघाड मध्ये कधी झाला ते कुणालाच माहीत नसतं. म्हणजे तुमच्या लॉगशीटवरची प्रत्येक टिक एक कुंपण आहे. खोटी टिक केली की कुंपण पडलं, आणि ते पडलंय हे कुणाला दिसतही नाही.

हे मला एका रात्रीत कळलं. ब्रेडचा कारखाना होता, मिनिटाला साधारण ५० पाकिटं. पहाटे पाचच्या फेरीला मी मेटल डिटेक्टरवरून टेस्ट पीस, म्हणजे मुद्दाम धातूचा गोळा बसवलेले नमुने, पाठवले. हे तीन असतात: लोखंडाचा, लोखंडविरहित धातूचा, म्हणजे बहुधा पितळेचा, आणि स्टेनलेस स्टीलचा. पहिले दोन्ही पकडले गेले, रिजेक्टच्या पेटीत पडले. स्टेनलेसचा ३.५ मिलिमीटरचा गोळा पाकिटाबरोबर आरामात पुढे निघून गेला. पुन्हा पाठवला, पुन्हा गेला. स्टेनलेस पकडायला सगळ्यात कठीण, कारण तो चुंबकाला जवळजवळ दाद देत नाही आणि वीजही फारशी वाहून नेत नाही. आणि कारखान्यातली सुरी, चाळणी, स्क्रू, सगळं स्टेनलेसचंच.

लाईन थांबवली. शीटवर चार वाजताची टिक होती, सही आमच्या ट्रेनीची. म्हणजे एका तासाचा माल, ३००० पाकिटं होल्डवर, निकाल लागेपर्यंत अडवलेली. लाल टॅग काढायला घेतले आणि पाहिलं तर ट्रेनी पांढराफटक पडला होता. त्याला बाजूला घेतलं आणि एवढंच विचारलं, “चारला टेस्ट पीस तू स्वतः पाठवलेस का?” तो बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, “मॅडम, चारला नाही. तीनला पण नाही. दोनला केलं होतं.” कूलिंगचा पंखा बंद पडला होता म्हणून तो तिकडेच अडकला होता आणि टिका नंतर एकदम मारल्या होत्या.

मग होल्ड दोन वाजल्यापासून. ९००० पाकिटं. सुपरवायझर काका, वयाने माझ्या वडिलांएवढे, ओरडलेच: “पोरी, गाड्या बाहेर उभ्या आहेत!” त्यांचं चुकत नव्हतं, ब्रेड काही वाट बघत नाही. मेंटेनन्सने तपासलं तेव्हा उलगडा झाला. पंखा बंद पडल्यामुळे ब्रेड पुरेसा गार न होता डिटेक्टरखाली येत होता. ओल्या, खारट, गरम मालाचा स्वतःचाच सिग्नल येतो, त्यामुळे डिटेक्टर चांगली पाकिटं धडाधड बाहेर फेकत होता. वैतागून ऑपरेटरने अडीचच्या सुमारास सेन्सिटिव्हिटी उतरवली होती. आम्ही चारपासूनच होल्ड केलं असतं तर अडीच ते चारमधली ४५०० पाकिटं आंधळी बाहेर गेली असती.

सगळा माल थंड करून, डिटेक्टर नीट लावून पुन्हा त्यावरून काढला. दुपार झाली. सापडलं काय? काहीही नाही. एक कण नाही. त्या दिवशी खूप जणांनी मला ऐकवलं की बघा, उगाच. मला अजूनही ते उगाच वाटत नाही, आणि तुम्हालाही वाटणार नसेल तरच ही नोकरी धरा.

ट्रेनीचं काय झालं, हेही सांगते. त्या शीटवर आम्ही काही खोडलं नाही. दोन्ही टिकांवर एक सरळ रेघ मारली, खालचं वाचता येईल अशी. बाजूला खरं काय झालं ते लिहिलं, वेळ टाकली, त्याची सही घेतली आणि माझी केली. व्हाइटनर या खात्यात चालत नाही, पेन्सिल तर नाहीच. त्याला समज मिळाली, नोकरी राहिली. खोटं लिहिणारा माणूस आणि विचारल्यावर खरं सांगणारा माणूस यांत मी फरक करते. सगळे मॅनेजर करत नाहीत.

खोट्या नोंदी ओळखायला फार हुशारी लागत नाही. कोल्ड रूमचं तापमान आठवडाभर दर तासाला ४.० असेल तर तिथे कोणी गेलेलंच नाही. खरी कोल्ड रूम दार उघडलं की ४.९ होते, डीफ्रॉस्टला आणखी चढते. खऱ्या नोंदी ओबडधोबड असतात. पेनाची शाई बदलते, एखाद्या कोपऱ्यावर सॉसचा डाग असतो, वेळ ३.०० नसून ३.०७ असते. ऑडिटर हेच बघतो. माझ्या शीटवर सगळं स्वच्छ दिसलं की मला स्वतःलाच शंका येते.

आणि हा नुसता कारखान्यातल्या शिस्तीचा मामला नाही. अमेरिकेतल्या पीनट कॉर्पोरेशन ऑफ अमेरिका या कंपनीच्या शेंगदाण्याच्या मालातून २००८-०९ मध्ये साल्मोनेला या जंतूची साथ पसरली. सातशेहून जास्त लोक आजारी पडले, ९ मृत्यू तिच्याशी जोडले गेले. कंपनीने मालाबरोबर खोटी तपासणी प्रमाणपत्रं पाठवली होती. २०१५ मध्ये मालकाला २८ वर्षांची शिक्षा झाली, हे बऱ्याच जणांनी वाचलेलं असतं. क्वालिटी मॅनेजरलाही तपासात अडथळा आणल्याबद्दल ५ वर्षांची शिक्षा झाली, हे क्यूसीत येणाऱ्याने वाचलेलं असावं. “वरून सांगितलं होतं” हे वाक्य वापरायची वेळ आली तर ही केस आठवा.

आता तुमच्या मनात येईल की एवढी धावपळ कशाला, शेवटी तयार मालाचे नमुने तपासले की झालं! गणित करून बघू. समजा दर शंभरात एक पाकीट दूषित आहे. तुम्ही ६० पाकिटं उचलून तपासली. एकही दूषित न सापडण्याची शक्यता किती? सुमारे ५५ टक्के. म्हणजे साठ पाकिटं फोडूनही निम्म्याहून जास्त वेळा तुम्ही “सर्व ठीक” असा शेरा माराल. आणि शंभरात एक हे प्रमाण भयंकर आहे. प्रत्यक्षात दूषण याहून कितीतरी विरळ असतं.

ही अडचण १९६०च्या दशकात पिल्सबरी कंपनीला आली, तेव्हा ती नासासाठी अंतराळवीरांचं अन्न बनवत होती. शेवटी तपासून खात्री द्यायची तर इतका माल तपासणीतच संपायचा की पाठवायला फारसा उरला नसता. त्यातून हॅसप (हॅझर्ड ॲनालिसिस अँड क्रिटिकल कंट्रोल पॉइंट) पद्धत आली: धोका कुठे शिरू शकतो ते आधी शोधा, त्या टप्प्यांवर, म्हणजे क्रिटिकल कंट्रोल पॉइंटवर, मर्यादा ठरवा आणि तिथेच सतत नजर ठेवा. पुढे कोडेक्स या आंतरराष्ट्रीय अन्नमानकं ठरवणाऱ्या संस्थेने ती स्वीकारली आणि आज जगभर तीच चालते. तिची सात तत्त्वं तुम्ही मुलाखतीसाठी पाठ करालच. पाठ करताना एक लक्षात ठेवा की क्रिटिकल कंट्रोल पॉइंट म्हणून जे काही कागदावर असतं, त्याच्यापाशी रात्री तीन वाजता उभा असणारा माणूस तुम्ही आहात.

डेअरीत हे छान दिसतं. दूध ७२ अंशांवर १५ सेकंद, हा पाश्चरायझेशनचा नेहमीचा हिशेब. ते खरंच झालं का, हे दुधालाच विचारता येतं. कच्च्या दुधात अल्कलाइन फॉस्फटेज नावाचं एन्झाइम असतं आणि ज्या जंतूंना मारायचं, त्यांच्यापेक्षा ते उष्णतेला किंचित जास्त टिकतं. ते नष्ट झालं असेल तर जंतूही गेले. पाश्चराइझ्ड दुधात ते सापडलं तर एकतर तापमान कमी पडलं किंवा कुठूनतरी कच्चं दूध मिसळतंय: गळका व्हॉल्व्ह, हीट एक्स्चेंजरच्या प्लेटला बारीक छिद्र. चाचणी काही मिनिटांची, पण तिच्यामागे अख्खी पाइपलाइन शोधत फिरायला लागतं. मला या कामातलं हेच सगळ्यात आवडतं.

तुमचं सूक्ष्मजीवशास्त्र कामी येईल ते असं. प्लेटिंग, म्हणजे जंतू प्लेटवर वाढवणं, येतं, ॲसेप्टिक (जंतू शिरू न देता काम करणारा) हात आहे, ३० ते ३०० मधल्या कॉलनीच का मोजायच्या हे माहीत आहे, याचा उपयोग आहेच. फरक वेळेचा. साल्मोनेलासाठी २५ ग्रॅम नमुना आधी साध्या माध्यमात रात्रभर वाढवायचा, मग निवडक माध्यमात, मग प्लेटवर. नेहमीच्या पद्धतीने निकालाला तीन ते पाच दिवस. तोवर माल कुठे असतो? जास्त टिकणारा असेल तर गोदामात अडवून ठेवता येतो, ब्रेडसारखा असेल तर खाऊन संपलेला असतो. म्हणून सकाळी लाईन सुरू करायच्या आधीची तपासणी जास्त मोलाची. त्यासाठी एटीपी (पेशींमधला ऊर्जेचा रेणू) शोधणारा स्वॉब वापरतात. काजव्याला चमकवणारं एन्झाइमच त्यात असतं. पृष्ठभागावर अन्नाचा किंवा जंतूंचा अंश राहिला असेल तर काही सेकंदांत प्रकाशाचा आकडा मिळतो. मात्र स्वॉब कुठे फिरवता यावर सगळं आहे. टेबलाच्या मधोमध फिरवलात तर कायम पास. बेल्टच्या खालच्या बाजूला, गॅस्केटच्या खाचेत, बोल्टच्या मागे फिरवा. सफाईवाले सुरुवातीला रागावतात, मग स्वतःच बोलावून दाखवतात की मॅडम, इथे बघा.

लेबलांबद्दल थोडक्यात, कारण हे कंटाळवाणं काम आहे आणि म्हणूनच चुकतं. परत मागवल्या जाणाऱ्या मालाच्या कारणांत लेबलवर न लिहिलेला ॲलर्जन (ॲलर्जी आणणारा घटक) नेहमी वरच्या क्रमांकात असतो. रेसिपी चुकलेली नसते, पाकीट चुकीचं असतं. उत्पादन बदलताना जुन्या छापाचा अर्धा रोल मशीनपाशी राहतो आणि कुणीतरी चांगल्या मनाने तो लावून टाकतो. रोल बदलला की पहिलं पाकीट हातात घ्या आणि सगळं वाचा. “वाचलं” म्हणजे नुसतं रंग पाहून सोडलं असं नको. दुधाची ॲलर्जी असलेल्या मुलाची आई ते पाकीट जसं वाचेल तसं.

भांडणांबद्दल. प्रॉडक्शनला टनात मोजतात, आपल्याला चुकांत मोजतात, त्यामुळे खटके उडणारच. पण बरीच भांडणं बोलण्याच्या पद्धतीमुळे होतात. “माल खराब आहे” असं कधीही म्हणू नका. “सव्वादहापासून सीलची ताकद मर्यादेच्या खाली आहे, दहाला ठीक होती, तीन नंबरच्या हेडवरची पाकिटं जास्त आहेत” असं म्हणा. ऑपरेटर लगेच तीन नंबरचा हीटर बघायला जातो. आकडा मर्यादेबाहेर जायची वाटही बघू नका. वजन अजून मर्यादेत आहे पण सलग सात वेळा खालीच सरकतंय, हे आधी सांगितलंत तर तुम्ही त्यांचा माल वाचवता. वॉल्टर शूहार्टने १९२४ मध्ये वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीत कंट्रोल चार्ट, म्हणजे मोजमापांचा कल आणि मर्यादा दाखवणारा आलेख, मांडला तो याच कारणासाठी.

आणि ऑपरेटरशी दोस्ती करा. वीस वर्षं एकाच मशीनवर काढलेल्या माणसाला आवाजावरून कळतं की काहीतरी बिनसलंय. तो तुम्हाला सांगेल की नाही, हे आधीच्या वेळी त्याने सांगितलं तेव्हा तुम्ही काय केलंत यावर अवलंबून आहे.

होल्ड मात्र वाटाघाटीचा विषय नाही. होल्ड करायचा अधिकार लेखी आहे का आणि रात्री मॅनेजर नसताना तो कुणाकडे असतो, हे नोकरी घेण्याआधी विचारा. “तसं काही लागत नाही, आम्ही समजून घेतो” असं उत्तर आलं तर जपून. माल सोडण्याचा निर्णय वरच्याने घेतला तर घेऊ द्या, पण त्याची सही त्याच्याच हाताने, तुमच्या नाही.

हे काम कुणी घेऊ नये? ज्याला तेच ते करताना डुलकी लागते त्याने. ज्याला सगळ्यांचं लाडकं व्हायचं असतं त्याने. सर्दीने वास येत नसताना चव-चाचणीला बसणाऱ्याने तर नक्कीच नाही. त्या दिवशी सरळ सांगायचं की आज माझं नाक बंद आहे. पुढची वाट बरी आहे: सीनियर टेक्निशियन, शिफ्ट केमिस्ट, मग क्वालिटी ॲश्युरन्स, ऑडिट. दोन-तीन वर्षं लाईनवर काढून मग वर गेलेला माणूस आणि थेट ऑफिसात बसलेला माणूस, यांच्या ऑडिट रिपोर्टमध्ये फरक पहिल्या पानावर कळतो.

मुलाखतीला जाल तेव्हा लाईन दाखवायला सांगा. मेटल डिटेक्टरपाशी थांबा आणि ऑपरेटरला सहज विचारा की शेवटची तपासणी कधी झाली. तो घड्याळाकडे बघून वेळ सांगतो की शीटकडे बघून, तेवढं बघा. आणि रिजेक्टच्या पेटीला कुलूप आहे का, किल्ली कुणाकडे असते, हेही.